पाळी गेली म्हणून लाळ गेली? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात चाळिशीनंतरच्या दातांवर लिहिताना एक ओळ सहज टाकली होती, की पाळी जायच्या दिवसांत काही बायकांचं तोंड कोरडं पडतं. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की या महिन्यात दुसरं काही घेतलंच नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं नेहमीप्रमाणे टाकलेली नाहीत.

प्रश्न : डॉक्टरताई, माझं वय ४९. पाळी बंद होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. तेव्हापासून तोंड सारखं कोरडं, रात्री तर जीभ टाळूला चिकटते, उठून पाणी प्यावं लागतं. आमच्या सासूबाई म्हणतात ना, पानी पीसन पीसन पोट फुगी जास पन तोंड काही वलं व्हत नही, अगदी तसंच. पुतणी शिरपूरला फार्मसी करते, ती म्हणाली काकू, इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, कमी झालं की लाळेच्या ग्रंथीतल्या रक्तवाहिन्या फुलत नाहीत, रक्तच कमी जातं म्हणून लाळ कमी. हे खरंय का? आणि खरं असेल तर हार्मोनच्या गोळ्यांनी लाळ परत येईल का? मला बीपीची गोळी चालू आहे, धुळीच्या अ‍ॅलर्जीची रोज रात्री एक, आणि तळपायाची आग होते म्हणून झोपताना एक छोटी गोळी. (अमळनेर)

उत्तर : ताई, पुतणी हुशार आहे, तिला शाबासकी द्या. पण तिने सांगितली ती अर्धी गोष्ट आहे, आणि उरलेली अर्धी तुमच्याच पत्राच्या शेवटच्या वाक्यात लपलीय, तिकडे येतेच.

आधी पुतणीची बाजू. लाळ करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. एक कानाखाली, गालगुंड झालं की सुजते ती, पॅरोटिड. दुसरी जबड्याच्या हाडाखाली, सबमँडिब्युलर, आपण गप्प बसलेलो असतो तेव्हाची जास्तीत जास्त लाळ हीच पुरवते. तिसरी जिभेखाली. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या आतल्या अस्तरात शेकडो बारक्या ग्रंथी. या सगळ्या मिळून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ करतात, आणि त्यातलं ९९ टक्के पाणी असतं. हे पाणी येतं कुठून, तर रक्तातून. म्हणजे ग्रंथी जोरात कामाला लागली की तिला रक्तही जास्त लागणार, आणि तसंच होतं, ग्रंथीतल्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात आणि रक्ताचा प्रवाह एरवीच्या दहापट किंवा त्याहूनही वर जाऊ शकतो.

हे पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १८५८ मध्ये. जबड्याखालच्या ग्रंथीला एक नस (म्हणजे नर्व्ह, रक्तवाहिनी नव्हे) जाते, कॉर्डा टिंपनी नावाची, गंमत म्हणजे ही नस कानाच्या पडद्याला लागून आतून जाते आणि मग जिभेकडे उतरते. बर्नारने कुत्र्याच्या या नसेला करंट दिला, तर ग्रंथीतून बाहेर येणारं शिरेतलं काळपट रक्त एकदम लाल भडक झालं आणि भराभर वाहायला लागलं, एवढं रक्त आत येत होतं की ग्रंथीला त्यातला सगळा ऑक्सिजन वापरायला वेळच नव्हता. नस चेतवली की रक्तवाहिनी उघडते, हे वैद्यकशास्त्राला इथे कळलं.

आता यात बाईचं हार्मोन कुठे बसतं? नसेच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं, ग्रंथीला इशारा देणारं रसायन निघतं, आणि त्याच्या जोडीला व्हीआयपी नावाचं एक प्रोटीनसारखं रसायन. (नाव मोठ्या माणसाचं वाटतं, पण ते व्हॅसोअ‍ॅक्टिव्ह इंटेस्टायनल पेप्टाइड आहे, १९७० मध्ये डुकराच्या आतड्यातून काढलेलं.) रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इशारा मिळाला की ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, हा एक वायू आहे, आणि त्याने वाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो. याच वायूच्या शोधासाठी १९९८ चं वैद्यकाचं नोबेल दिलं गेलं. इस्ट्रोजेन काम करतं ते नेमकं या अस्तरावर. नायट्रिक ऑक्साइड बनवणारं जे एन्झाइम आहे त्याला ते चालना देतं, पटकनही देतं आणि काही काळाने त्याचं प्रमाणही वाढवतं. पाळी चालू असेपर्यंत बायकांच्या रक्तवाहिन्या त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा जास्त लवचिक असतात, हार्ट अ‍ॅटॅकही बायकांना पुरुषांपेक्षा साधारण उशिरा येतात, त्यामागे हे एक मोठं कारण मानतात. आणि इस्ट्रोजेनला पकडणारे रिसेप्टर लाळग्रंथीतही सापडलेत, विशेष करून बीटा प्रकारचे, जे १९९६ मध्ये कळले. म्हणजे ग्रंथीला या हार्मोनची भाषा समजते. इथपर्यंत पुतणी शंभर टक्के बरोबर.

पण ‘रक्त कमी म्हणून लाळ कमी’ ही उडी मोठी आहे. यातले बरेचसे प्रयोग उंदरांवर झालेत, आणि उंदरांचं लाळेच्या बाबतीत नर-मादीचं गणितच वेगळं असतं. नर उंदराच्या जबड्याखालच्या ग्रंथीतल्या नळ्या पुरुषी हार्मोनमुळे मादीपेक्षा मोठ्या असतात, मायक्रोस्कोपखाली बघून नर की मादी सांगता येतं. माणसात असा फरक नाही. तुमची बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन असेल तर तीसुद्धा रक्तवाहिन्या सैलच करते, घोटे सुजतात त्याने, पण ती खाऊन कोणाच्या तोंडाला पाणी सुटलेलं मी तरी बघितलं नाही! रक्तवाहिनी उघडणं आणि लाळ सुटणं या एकमेकींना धरून चालणाऱ्या पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत, खाली रावेरच्या आणि पारोळ्याच्या पत्रात त्याचा खुलासा आलाय.

आता तुमच्या पत्राचं शेवटचं वाक्य. तीन गोळ्या. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, खास करून झोप आणणाऱ्या जुन्या, लाळ सुकवतात. पायाच्या आगीवर झोपताना देतात ती छोटी गोळी पुष्कळदा अ‍ॅमिट्रिप्टिलिन असते, स्ट्रिपवर नाव वाचा किंवा पुतणीला वाचायला सांगा, ती तर लाळेची पक्की वैरीण आहे कारण ती थेट अ‍ॅसिटिलकोलिनची वाट अडवते. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध जोडलेलं असेल तर तेही भर घालतं. रात्री जीभ टाळूला चिकटते म्हणालात, आणि दोन गोळ्या तुम्ही रात्रीच घेताय, हा काही योगायोग नाही. आणि मुळात तळपायाची आग का होतेय? शुगर तपासलीय का? डायबेटिसने पायाची आगही होते आणि तोंडही कोरडं पडतं, त्यामुळे मी तुमच्या जागी असते तर हार्मोनच्या आधी उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) करून घेतली असती. पण गोळ्या मनाने बंद करू नका हं, विशेषतः बीपीची, ज्यांनी लिहून दिल्यात त्यांनाच विचारा की बदलून मिळेल का.

घरी एक टेस्ट करता येते. सकाळी उठल्यावर, दात घासायच्या आणि चहाच्या आधी, १५ मिनिटं शांत बसायचं, तोंड हलवायचं नाही, आणि जमेल ती लाळ एका कपात सोडत राहायची. मग सुई काढलेल्या सिरिंजने मोजायची. नॉर्मल माणसाची मिनिटाला ०.३ ते ०.४ मिली येते, म्हणजे १५ मिनिटांत साडेचार ते सहा मिली. दीड मिली किंवा त्याहून कमी भरली तर लाळ खरंच कमी आहे. हे मोजणं महत्त्वाचं का, तर पाळी गेलेल्या कितीतरी बायकांना तोंड कोरडं वाटतं पण मोजली तर लाळ बरी निघते, तिथे भानगड लाळेच्या दाटपणात किंवा तोंडाच्या अस्तरात असते. त्याच वयात काहींची जीभ नुसती भाजल्यासारखी होते, ठेचा न खाता, तोही वेगळा प्रकार. आणि मी माझ्याकडे येणाऱ्या बायकांना विचारते, कळण्याची भाकर पाण्याच्या घोटाशिवाय गिळता येते का? नाही म्हणाल्या, आणि डोळ्यातही वाळू गेल्यासारखं खुपतं म्हणाल्या, तर मी त्यांना थेट संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवते. शोग्रेन नावाचा आजार आहे, स्वीडनच्या डोळ्यांच्या डॉक्टरने १९३३ मध्ये सविस्तर मांडलेला, शरीर स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर हल्ला करतं, दहातले नऊ पेशंट बायका, आणि वयही बऱ्याचदा हेच, चाळीस ते साठ. म्हणूनच ‘पाळी जातेय, होतं असं’ म्हणून तो वर्षानुवर्षं तसाच राहून जातो.

हार्मोनच्या गोळ्यांचं विचारलंत. फक्त तोंडासाठी? नको. लाळ वाढेल याची खात्री नाही, आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या बायकांचा भाग मधेच थांबवावा लागला होता कारण स्तनाचा कॅन्सर, स्ट्रोक आणि रक्ताच्या गुठळ्या वाढलेल्या दिसल्या. गरम वाफांनी झोप उडाली असेल तर गायनॅककडे जाऊन त्याचा विचार जरूर करा, पाळी नुकतीच गेलेल्यांना तो हिशोब वेगळा बसतो, पण ते कारण वेगळं.

तोवर पाणी ढसाढसा नको, घोट-घोट. झोपताना कुलर तोंडावर नको. फ्लुओराइडची पेस्ट, कारण लाळ कमी झाली की हिरडीजवळ दात किडायला लागतात, आणि किडले की मग माझ्याकडे यावं लागतं.

प्रश्न : मॅडम, माझी सहा एकर केळी आहे, सगळी ठिबकवर. मोटरचं प्रेशर वाढलं की ड्रिपरमधून पाणी जास्त पडतं. तुम्ही म्हणता लाळ रक्तातून येते, मग बीपी वाढलं तर लाळ वाढायला पाहिजे ना? आमच्या घरात मिसेसचं पाळी गेल्यापासून बीपी वाढलं आणि तोंड उलट कोरडं. हिशोब जुळत नाही. (रावेर)

उत्तर : दादा, प्रश्न एक नंबर आहे. १८५० च्या आसपास कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाच्या डोक्यात हाच घोळ होता. तेव्हा बऱ्याच जणांना वाटायचं की लाळ म्हणजे रक्तातून प्रेशरने गाळून आलेलं पाणी, थेट तुमच्या ठिबकसारखं. लुडविगने ग्रंथीच्या नळीत प्रेशर मोजायची नळी बसवली आणि नसेला करंट दिला. बघतो तर लाळेचं प्रेशर धमनीतल्या रक्ताच्या प्रेशरपेक्षा जास्त! आता मेन लाइनपेक्षा ड्रिपरमध्ये प्रेशर जास्त, असं तुमच्या बागेत कधी झालंय का? नाही होणार. म्हणजे ग्रंथी नुसती चाळणी नाही, तिचा स्वतःचा पंप आहे.

तो पंप असा चालतो. नसेचा इशारा आला की ग्रंथीच्या पेशीत कॅल्शियम वाढतं, पेशी क्लोराइड बाहेर ढकलते, त्याच्या मागे सोडियम जातं, आणि मिठाच्या मागे पाणी, जे अ‍ॅक्वापोरिन-५ नावाच्या पाण्याच्या बारीक दारांतून निघतं. म्हणजे लाळ किती सुटणार हे ठरवतो इशारा आणि पेशी. रक्ताने फक्त विहिरीला पाणी कमी पडू द्यायचं नाही. विहीर पार आटली, मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ वर जातो तेव्हा दिवसभर शेतात पाणी न पिता राहिलात, तर पंप चांगला असून उपयोग नाही, तोंड सुकणारच. पण विहीर भरलेली आहे म्हणून पंप आपोआप सुरू होत नाही. मिसेसच्या बीपीचं आणि लाळेचं नातं बीपीच्या आकड्यात शोधू नका, बीपीच्या गोळीत शोधा. वरच्या ताईंना लिहिलंय तेच.

प्रश्न : आमचा शालक कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. नेलं तेव्हा तोंडातून फेस, लाळेची धार, घामाने ओला. सरकारी दवाखान्यात एकामागे एक इंजेक्शन दिले, अ‍ॅट्रोपिन म्हणून. दुसऱ्या दिवशी उलटं, तोंड एकदम कोरडं आणि काहीबाही बडबडत होता, आम्ही घाबरलो. आता बरा आहे. पण एकाच माणसाचं आधी असं आणि मग तसं कसं? तुमचा विषय लाळेचा म्हणून विचारतो. (पारोळा)

उत्तर : बरे झाले हे वाचून बरं वाटलं. कपाशीच्या बऱ्याच औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेट असतं. नसेतून आलेलं अ‍ॅसिटिलकोलिन काम झालं की मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं, हे विष त्यालाच बांधून ठेवतं. मग इशारा थांबतच नाही, लाळ, घाम, डोळ्याला पाणी, छातीत पाणी, आणि खरा धोका छातीतल्या पाण्याचा. अ‍ॅट्रोपिन तो इशारा पेशीपर्यंत पोचूच देत नाही. डॉक्टर तो डोस छाती कोरडी होईपर्यंत वाढवत नेतात, त्यात तोंड सुकतं, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या होतात, नाडी पळते, कधी माणूस बडबडतो. बांधावरच्या धोतऱ्याने जे होतं तेच हे, धोतऱ्यातही याच घराण्यातली द्रव्यं असतात.

आणि तुमच्या पत्राने अमळनेरच्या ताईंचं उत्तर पुरं होतंय. १८७२ मध्ये हायडेनहाइन नावाच्या शास्त्रज्ञाने कुत्र्याला अ‍ॅट्रोपिन देऊन तीच कॉर्डा टिंपनी नस चेतवली. लाळ बंद, थेंब नाही. पण रक्तवाहिन्या? त्या पहिल्यासारख्याच फुलल्या, रक्त धो-धो वाहत होतं. पुढे शंभर वर्षांनी कळलं की रक्तवाहिन्या उघडण्याचं बरंचसं काम नस व्हीआयपीकडून करून घेते, आणि अ‍ॅट्रोपिनला ते अडवता येत नाही. भरपूर रक्त आणि तरी कोरडं तोंड, हे असं होऊ शकतं. त्यामुळे इस्ट्रोजेन गेल्याने रक्तवाहिनी थोडी कमी फुलली तरी तेवढ्यावर तोंडाचा वाळवंट होत नाही. एक इशारा अडवणारी गोळी मात्र एकटी पुरते.

(फवारणी वाऱ्याच्या दिशेने, पूर्ण बाह्या, हातमोजे, आणि घरी आल्यावर ते कपडे वेगळे धुवा. एवढं तरी शालकाला सांगाच.)

प्रश्न : मला तिसरा महिना चालू आहे. तोंडाला एवढं पाणी सुटतं की सारखं थुंकावं लागतं, सोबत डबा ठेवते. आई म्हणते मुलगा होणार. मैत्रीण म्हणते हार्मोन वाढलेत. (धुळे)

उत्तर : आईला माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की लाळेवरून मुलगा-मुलगी कळत नाही. मैत्रीण जवळपास बरोबर आहे. पहिल्या तीन-चार महिन्यांत काहींना असं होतं, बहुतेक वेळा मळमळीसोबत, आणि पुष्कळदा लाळ फार वाढलेली नसते, मळमळीमुळे ती गिळवत नाही म्हणून साठते. शरीरातलं एकूण रक्त गरोदरपणात ४० ते ५० टक्क्यांपर्यंत वाढतं, रक्तवाहिन्या सगळीकडेच सैल असतात, म्हणून नाक चोंदतं, आणि ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतं. तोंडात या हार्मोनचं काम बघायचं असेल तर हिरड्यांत बघावं, लाळेपेक्षा तिथे ते जास्त उघड दिसतं. रक्त येतं म्हणून ब्रश सोडू नका, मऊ ब्रश घ्या. थोडं-थोडं पण वारंवार खा, बहुतेकींचं चौथ्या-पाचव्या महिन्यात कमी होतं. उलट्यांनी वजन उतरायला लागलं किंवा लघवी कमी झाली तर लगेच डॉक्टरांकडे.

प्रश्न : इस्ट्रोजेन गेल्यावर रक्तवाहिन्या नीट फुलत नाहीत म्हणता, मग त्याच वयात अंगातून वाफा निघतात, चेहरा लाल होतो, तेव्हा तर रक्तवाहिन्या फुललेल्याच असतात की! (चाळीसगाव)

उत्तर : पकडलंत! पण त्या वाफा रक्तवाहिनीच्या अस्तरातून सुरू होत नाहीत, मेंदूतून होतात. मेंदूत हायपोथॅलॅमस म्हणून भाग आहे, तो अंगाचं तापमान सांभाळतो. इस्ट्रोजेन कमी झालं की तो फार हळवा होतो, एरवी चालून जाणारी थोडीशी गरमीही त्याला सहन होत नाही, मग तो कातडीच्या रक्तवाहिन्यांना नसेतून हुकूम सोडतो की उघडा आणि उष्णता बाहेर टाका, घामही आणतो. तो हुकूम कातडीला असतो, लाळग्रंथीला नाही. म्हणून एकाच बाईचा चेहरा घामाने निथळतो आणि तोंड कोरडं, दोन्ही एकाच वेळी. त्यात आपल्याकडचा उन्हाळा.

प्रश्न : तोंड कोरडं पडतं म्हणून मी मिश्री पुन्हा सुरू केली, लावली की लाळ सुटते. घरचे ओरडतात. तुम्ही सांगा. (यावल)

उत्तर : मावशी, मीही ओरडतेच. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तो झोंबतो म्हणून तोंड पाणी सोडतं, आणि त्यातलं निकोटिन हिरडीच्या रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे हिरडी आतून खराब होत असते तरी रक्त येत नाही आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. लाळच हवी तर साखर नसलेलं झायलिटॉलचं च्युइंगगम चघळा, दात हलत असतील तर आवळ्याचा छोटा तुकडा चालेल, पण आंबट दिवसभर चघळू नका, दात झिजतात. लाळ मोजून खरंच फार कमी निघाली तर पायलोकार्पिनची गोळी असते, ती ग्रंथीला थेट इशारा देते, पण दमा किंवा काही प्रकारचा काचबिंदू असेल तर चालत नाही, डॉक्टरांशिवाय घ्यायची नाही. आणि मिश्री ज्या बाजूला लावता तिथे आरशात बोट घालून बघा, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला आणि दोन आठवड्यांत गेला नाही तर दुखत नसला तरी दाखवून या.